अकरावी लेझीम

“पायाकडं बघू नका गं पोरींनो! पाय कुठं पळून जात नाहीत. कान शेजारणीकडं द्या, कान!”

पाटणकरबाईंचा आवाज उन्हात वाळवलेल्या चिंचेसारखा होता, आंबट आणि चिवट. विट्याच्या कन्याशाळेचं मैदान, गळ्यात शिटी, पदर खोचलेला, आणि समोर दहावीच्या चोवीस मुली. सत्तेचाळीस वर्षं झाली त्याला. बाई गेल्या, मैदानावर इमारत उभी राहिली. पण दर रविवारी दुपारी साडेचारला जयमाला घरातल्या पेटीचं बटण दाबायची तेव्हा तिच्या कानात आधी बाई बोलायच्या, आणि मग त्यांनीच जुळवलेलं ते गाणं सुरू व्हायचं:

उजवा पाय पुढं गं, डावा हात वर गं,
शेजारणीचा ठेका, तेच आपलं घर गं.

त्या चोवीसजणींची पुढं देशभर पांगापांग झाली. विट्याच्या आसपासची माणसं गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, त्यातलं हीण काढायचं, शुद्ध करून द्यायचं. जिथं सराफकट्टा तिथं विट्याचा एकतरी गलाईवाला असायचाच. त्यामुळं इथल्या मुलीचं लग्न ठरलं की आई आधी भिंतीवरचा नकाशा बघायची. एक अमृतसरला गेली, एक कोचीला, एक कटकला. जयमालाची जोडीदारीण संजीवनी गेली तमिळनाडूत, सेलमला. जयमाला आणि शैला, दोघीच तेवढ्या गावात राहिल्या. जयमालानं आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आयुष्य काढलं आणि साठाव्या वर्षी, घरात एकटीच उरल्यावर, तिनं ही पेटी आणली.

पेटी म्हणजे खेळाचा कन्सोल. ऑफिसला न्यायच्या डब्याएवढा. त्यावर लोक ढोल, ताशा, नौकानयन असले सामूहिक खेळ खेळायचे. जयमालानं चोवीस कंट्रोलर उघडले, त्यांची आतडी काढली आणि खऱ्या लेझमींच्या लाकडी दांड्यांत बसवली. एकेक लेझीम एकेकीच्या पत्त्यावर धाडली. सोबत सुपारीएवढी एक डबी. ती डबी लेझमीचा निरोप आणि बोलणं उचलून उपग्रहावरून विट्याच्या पेटीत आणून टाकायची, आणि सगळ्यांचा आवाज परत ऐकवायची. पेटीला वाटायचं, सगळ्या बाया एकाच खोलीत आहेत. बायांनाही तसंच वाटायचं, आणि त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

चाळीस मिनिटं खेळायचं, मग आपापल्या घरी चहाचा कप घेऊन अर्धा तास बोलायचं. नुसते आवाज, चेहरे नकोत असं सगळ्यांनीच ठरवलेलं. “मला तुम्ही सोळा वर्षांच्याच दिसता, तशाच राहू द्या,” असं संजीवनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

बाईंच्या पथकात एक रीत होती, बाईंना ठाऊक नसलेली. जोडीतली एक चुकली की दुसरीनं आपली लेझीम जोरात खळखळवायची, आणि मैदानातून बाहेर पडताना बाईंना ऐकू जाईल असं म्हणायचं, “काय चोख वाजवलंस गं आज!” बाईंची नजर मग तिसरीकडंच वळायची. याला पोरी ‘झाकणं’ म्हणायच्या. जिला झाकलं तिनं आभार मानायचे नाहीत. जिनं झाकलं तिनं पुन्हा विषय काढायचा नाही. चोवीसजणींनी ती रीत शेवटपर्यंत पाळली.

*

श्रावणातल्या एका मंगळवारी शैला धापा टाकत आली. शैला मागच्या गल्लीत राहायची. पथकाचा सगळा कारभार तिच्याकडं, आणि कारभार नसेल तिथंही ती असायची.

“जये, रोहिणी सापडली!”

“कुठली रोहिणी?”

“अगं बया, आपली! घाऱ्या डोळ्यांची. गुवाहाटीला हाय. नवरा गेला, लेक परदेशी. फोनवर रडली गं. म्हणतीय, मला पण घ्या. घ्यायचीच की!”

जयमालानं चष्मा पुसला. “कुठं घ्यायची? चोवीस भरल्यात. दोघी देवाघरी गेल्या त्यांच्या जागी खालच्या वर्गातल्या आल्या, रोहिणीचा पत्ता लागला नाही म्हणून तिच्या जागी पण एक.”

“मग पंचविसावी जोड. एवढीशी तर लेझीम.”

“पेटीवर लिहिलंय चोवीस.”

“लिहिलेलं काय खरं असतं व्हय? एसटीत लिहिलेलं असतंय बावन्न बसून. बसतात किती?”

जयमाला हसली, पण प्रश्न तिला चावून गेला. खरंच, किती? चोवीसच का? आयटीआयमध्ये हा धडा तिनंच शिकवलेला होता.

पेटीला कान एकच असतो. एका क्षणी ती एकीचंच ऐकू शकते. म्हणून ती वर्गात हजेरी घेतात तशी हजेरी घेते. एक नंबर? हजर, वाजवलं. दोन नंबर? हजर, नाही वाजवलं. हे सगळं एका सेकंदात शंभर वेळा. प्रत्येकीला उत्तर द्यायला मिळतो तो वेळ डोळ्याच्या पापणीच्या केसाएवढा. जुन्या पेट्या अशा चारजणींची हजेरी घ्यायच्या, नंतरच्या आठजणींची. नववी आली की हजेरी लांबायची, आणि पहिलीनं वाजवलेलं कळेपर्यंत उशीर व्हायचा.

आठाच्या चोवीस झाल्या त्या कान वाढवून नव्हे. कंपनीनं ऐकणं कमी केलं आणि ओळखणं वाढवलं. पहिले सहा आठवडे पेटी प्रत्येकीचा हात शिकते. कोण हळू मारते, कोण अर्ध्या श्वासानं मागं राहते, दमल्यावर कुणाची साखळी कशी लोंबते, सगळं. मग ती ठोका पडायच्या आधीच आवाज काढते आणि नंतर विचारते, “असंच ना?” उत्तर वेगळं आलं तर पुढचा ठोका दुरुस्त करते. अंतरावरून खेळायचं तर याला इलाजच नाही. कोचीचा निरोप विट्याला पोचायला जो सेकंदाचा तुकडा लागतो तो बोलण्यात कळत नाही, पण लेझमीत तेवढ्यात एक पाऊल हुकतं.

हे सगळं पुस्तिकेत होतं. तेव्हा शैलानं वाचून दाखवलं होतं आणि म्हणाली होती, “म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं. माझं वाक्य मी तोंड उघडायच्या आतच पुरं करतात, आणि मग विचारतात, हेच ना?”

शैला गेल्यावर जयमालानं पेटीचं मागचं झाकण काढलं, दुरुस्तीवाल्यांसाठी असलेलं बटण दाबून धरलं. पडद्यावर खेळाऐवजी आकड्यांचा तक्ता आला. चोवीस ओळी, दोन रकाने. एक ‘वाजलं’, दुसरा ‘ऐकलं’. मागच्या रविवारचा हिशेब. शैला: वाजलं सतराशे, ऐकलं सहाशे. कोचीवाली: सतराशे, पाचशे ऐंशी. म्हणजे तीनांतला एक ठोका पेटी खरा ऐकते आणि दोन ओळखते. कानाची पुरती ओढाताण होती. पंचविसाव्या लेझमीला जागा नव्हतीच.

तिचं बोट अकराव्या ओळीवर थांबलं. संजीवनी. वाजलं सतराशे चौदा. ऐकलं शून्य.

बिघाड असेल म्हणून तिनं त्याआधीचा रविवार काढला. शून्य. त्याआधीचा. शून्य. ती मागं मागं जात राहिली. आषाढ, ज्येष्ठ, वैशाख. सरकवता सरकवता बोट दुखायला लागलं. संक्रांतीच्या सुमारास दोन रविवार संजीवनी नव्हतीच. सुनेच्या माहेरी लग्न आहे म्हणाली होती. त्याच्याआधी सगळं ठीक. त्यानंतर एकही ठोका नाही.

तरी लेझीम चालू होत होती. तेही तक्त्यात होतं. दर रविवारी चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सुरू, पाच वाजून दहा मिनिटांनी बंद. बॅटरी भरलेली. कुणीतरी ती नेमानं चार्ज करून, नेमानं सुरू करून, चाळीस मिनिटं नुसती धरून बसत होतं.

पेटीची यात चूक नव्हती. लेझीम हलत असेल तोवरच ती हजेरीला उत्तर देते, निपचित पडली की गप्प होते. बॅटरी वाचावी म्हणून तशीच घडवलेली. त्यामुळं गप्प बसलेली कोण आणि वाटेत हरवलेली कोण, हे पेटीला कळायला मार्ग नाही. निरोप आला नाही की ती समजते, वाटेत सांडला असेल. आपण हिला ओळखतो, वाजवू तिच्यासारखं. आणि संजीवनीचा हात ती दोन वर्षं शिकलेली. सात महिने तिनं न अडखळता संजीवनी वाजवली होती.

जयमालानं बोटांवर मोजलं. सात महिन्यांत तीस रविवार. तिची जोडीदारीण, उजव्या हाताची. जिच्या ठोक्यावर आपलं पाऊल पडतं ती.

आणि मग तिला आठवलं ते बोलणं. शिमग्यानंतरच्या रविवारी, चहाच्या वेळी, ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, “संजे, काय गं हे! म्हातारपणी हात सुधारला की तुझा. काय चोख वाजवतीस आजकाल!”

पलीकडं कप बशीत टेकल्याचा आवाज आला होता. मग संजीवनी म्हणाली होती, “तू हायस ना शेजारी.”

*

पुढच्या रविवारी जयमालानं मुद्दाम चूक केली.

तिसऱ्या फेरीत, बसून उठायच्या जागी, तिनं एक ठोका गिळला आणि दुसरा उशिरा मारला. लगेच सगळं पथक डचमळलं. पाण्यानं भरलेली कळशी डोक्यावर हिंदकळावी तसं. अमृतसरवाली पुढं गेली, शैलाची साखळी दोनदा वाजली, कुणीतरी हसलं. जिवंत माणूस शेजारच्याच्या चुकीनं हलतंच.

अकरावी लेझीम हलली नाही. खळ्ळ-छुम्, खळ्ळ-छुम्. जिथं पडायला हवा तिथंच ठोका, तोच अर्ध्या श्वासाचा उशीर, तीच नाजूक शेवटची झांज. एवढा गोड आवाज, आणि जयमालाच्या अंगावर काटा आला.

चहाच्या वेळी शैला सुरू झाली, “आज कुणाच्या पायात मुंगळा शिरला होता गं?”

“माझ्याच असंल,” कोचीवाली म्हणाली. “गुडघा बोलतोय.”

“तुझ्या नव्हे,” संजीवनीचा आवाज आला. “जयू चुकली. तिसऱ्या फेरीत, उठताना. एक ठोका खाल्ला आणि दुसरा मागनं आला. व्हय की नाही, जये?”

जयमालाचा कप ओठांपाशी थांबला. चोवीसजणींच्या गदारोळात कुणालाच नक्की सांगता आलं नव्हतं. जिनं एकही ठोका मारला नव्हता तिनंच सगळं ऐकलं होतं.

“व्हय,” ती म्हणाली. “चुकले.”

*

कंपनीच्या मदतकेंद्रात फोन लावला तर एक उत्साही मुलगी भेटली.

“अकरा नंबर निष्क्रिय दिसतोय, मॅडम. काळजी करू नका. हात पूर्ण शिकलेला आहे. तुम्ही ते ‘स्मृती-आसन’ करून टाका. मग त्याला रेडिओ लागतच नाही. वाजत राहील, आणि एक जागा मोकळी होईल.”

“म्हणजे लेझीम सुरूसुद्धा करायला नको?”

“काहीच नको! खूप लोक करतात, मॅडम. कुणी कामात असतं, कुणी आजारी. ग्रुप तुटत नाही ना त्यामुळे.”

“असं सगळ्यांचंच केलं तर?”

“तर मग मर्यादाच नाही. शंभर घ्या, दोनशे घ्या.”

फोन ठेवून जयमालानं तक्ता पुन्हा उघडला. एका पेटीला किती कंट्रोलर जोडता येतात, याचं खरं उत्तर तिला आज मिळालं होतं. ऐकायचं असेल तर आठ. ऐकल्यासारखं करायचं असेल तर चोवीस. आणि ऐकायचंच नसेल तर कितीही.

शैलाला सांगणं भाग होतं, रोहिणी रोज फोन करत होती. शैलानं सगळं ऐकून घेतलं, पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला. पण ती कारभारीण बाई.

“हे बघ,” ती म्हणाली, “काहीतरी अडचण असंल तिची. सांगायची नसंल. तर आपण कशाला उकरायचं? त्या पोरीनं सांगितलं तसं करून टाक. संजीचा आवाज राहिला, रोहिणीला जागा मिळाली. कुणाचं काय बिघडलं?”

“आणि संजी?”

“ती बसतीय की ऐकत. बसू दे.” मग एकदम तिच्याकडं रोखून बघत शैला म्हणाली, “पण तुला कसं कळलं नाही गं? आमचं जाऊ दे, आम्ही लांबच्या ओळीतल्या. तू तर तिच्या खांद्याला खांदा लावून. तुझ्या कानाचं बाई एवढं कौतुक करायच्या.”

जयमालाच्या तोंडून निघून गेलं, “कळलं होतं मला. म्हटलं, बघू.”

“वाटलंच मला!” शैला सुटकेचा श्वास टाकून म्हणाली. “तुला कळणार नाही असं व्हईलच कसं?”

खोटं किती हलकं असतं. तोंडातून उडालं आणि शैलाच्या खांद्यावर जाऊन बसलंसुद्धा. आता ते परत बोलावता येईना.

*

ती सेलमला पोचली ते रविवारी दुपारी एक वाजता, पाठीला पिशवी, पिशवीत आपली लेझीम. संजीवनीला कळवलं नव्हतं. तिच्या सुनेला तेवढं फोनवर सांगितलं होतं, येण्याचं, आणि रोहिणीच्या जागेसाठी कंपनीनं सुचवलेल्या युक्तीचंही.

खाली गलाईचं दुकान, वर घर. जिन्यात कोळशाचा आणि तेजाबाचा वास. सून दारातच हळू आवाजात म्हणाली, “बरं झालं मावशी तुम्ही आलात. आई कुणाला सांगूच देत नाहीत. आणि रविवारी साडेचारला आम्हाला खोलीतसुद्धा येऊ देत नाहीत.”

संजीवनी खिडकीशी खुर्चीत होती. केस पांढरेशुभ्र, कपाळावर तेच ठसठशीत कुंकू. उजवा हात उशीवर ठेवलेला, बोटं अर्धवट मिटलेली, आत काहीतरी धरल्यासारखी. आत काहीच नव्हतं.

“अगं सटवे!” ती ओरडली. “आलीस? आणि ही काय दशा? म्हातारी झालीस की गं!”

“तू काय सोळाची हायस?”

“होते, आत्तापर्यंत. तू बघितलंस आणि गेलं सगळं.”

दोघी हसल्या, मग दोघींचंही हसू एकदम संपलं. जयमाला तिच्यापाशी जमिनीवरच बसली.

जेवणं झाली. भाकरीऐवजी भात, पण ठेचा विट्याचाच. मग संजीवनीनं आपणहून सुरुवात केली. “पौषात झटका आला. बारीकच, डॉक्टर म्हणाले. तोंड वाचलं, पाय वाचला. हात गेला. बारा दिवसांनी घरी आले. रविवारी लेझीम सुरू केली ती तुम्हाला सांगायलाच, की बायांनो, माझं नाव काढा. पण मी तोंड उघडायच्या आत शैलीनं सुरुवात करून दिली. आणि बघते तर काय, मी वाजतीय! माझाच हात. अगं, एवढं चोख मी उभ्या जन्मात वाजवलं नव्हतं.”

“मग नंतर का नाही सांगितलंस?”

“नंतर म्हटलं, कुणीतरी विचारंल. कुणाच्या तरी ध्यानात येईल. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. सहा-सात रविवार गेले, जये. मी इथं मुक्यासारखी बसलेली, आणि तिकडं मी वाजतीय, आणि कुणाला काही फरकच नाही. मनात यायचं, मग मी होते तरी कशाला आजवर?” तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून उशीवर नीट ठेवला. “आणि मग शिमग्यानंतर तू म्हणालीस. काय चोख वाजवतीस म्हणून.”

जयमालानं घसरणारी उशी सारखी केली.

“त्या दिवशी मी पोटभर रडले. म्हटलं, आहे. एक आहे जिला कळलंय. जयू मला झाकतीय.” संजीवनीचे डोळे चमकत होते. “रीत म्हणून मी विषय काढला नाही. तू पण नाही काढलास. पण त्याच्यावर काढले बघ मी एवढे महिने. लोक देवाच्या नावावर काढतात ना, तसे. पहिल्याच रविवारी कळलं असंल ना तुला?”

खाली दुकानात भट्टीचा भाता सुरू झाला. जयमालानं मान हलवली. होय म्हणूनही घेता आली असती, नाही म्हणूनही. संजीवनीनं ती होय म्हणून घेतली आणि समाधानानं खुर्चीला टेकली.

“मग आता ऐक. सुनेनं सांगितलं मला रोहिणीचं, तिच्या पोटात काही राहत नाही. रोहिणीला माझी जागा दे. माझी लेझीम सुरू केल्याशिवाय पण वाजती म्हणं. वाजू दे. बाकीच्यांना सांगू नको. तुला ठाऊक हाय, मला तेवढं बास.”

सगळं सुटत होतं. शैलाला हवं तसं, रोहिणीला हवं तसं, कंपनीला हवं तसं. संजीवनीसुद्धा सुखी. फक्त ती इथं, या खिडकीशी, एका मान हलवण्यावर विसंबून, मरेपर्यंत गप्प बसणार होती. आणि खरं बोलावं तर तिच्या पायाखालून तेवढंही काढून घ्यायचं.



साडेचार वाजले. सुनेनं लेझीम आणून संजीवनीच्या मांडीवर ठेवली, आणि आज पहिल्यांदाच संजीवनीनं तिला खोलीत थांबू दिलं. जयमालानंही आपली लेझीम काढली, सुरू केली. छोट्या डबीवर दोन हिरवे ठिपके लागले. विट्याहून, आज पेटी सांभाळणाऱ्या शैलाची हाक आली, “चला गं बायांनो, उजवा पाय पुढं!”

जयमालानं लेझीम उचलली आणि तिला दिसलं, संजीवनीचा मिटलेला हात उशीवरून घसरतोय. तिनं लेझीम खाली ठेवून तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. गार होता. ती चोळत राहिली.

आणि ठोका पडला. खळ्ळ-छुम्. चोवीस लेझमी.

जयमालानं दचकून ऐकलं. अकराव्या लेझमीच्या डावीकडं, अगदी खांद्याला खांदा लावून, बारावी वाजत होती. तिची स्वतःची. तीच जोरकस सुरुवात, तोच उठतानाचा झटका, अगदी शिक्षकी पेशातला. तिची लेझीम पायाशी निपचित पडलेली, आणि तिकडं विट्यात जयमाला खणखणीत वाजत होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिला वाटलं, आता कुणीतरी थांबेल. आता शैला म्हणेल, जये, कुठं हायस? तिसरी फेरी झाली. कुणी थांबलं नाही. आपल्याच घराच्या खिडकीतून आत बघावं आणि आत आपणच पाट मांडून जेवत असावं, तसं झालं तिला.

संजीवनी तिच्याकडंच बघत होती. “कळलं?” ती पुटपुटली. “असं असतंय ते.”

चाळीस मिनिटं दोघी एकमेकींचा हात धरून स्वतःला ऐकत बसल्या.

खेळ संपला. कपांचा किणकिणाट, कुणाचं तरी खोकणं. मग शैलाचा आवाज, नेहमीसारखा सगळ्यांच्या वर: “आणि आज आमची जयू! प्रवासाला गेलीस तरी काय चोख वाजवलंस गं!”

संजीवनी खुदकन हसली. डबीवर डावा हात धरून कुजबुजली, “बघ. तुला पण झाकलं.”

“नाही,” जयमाला म्हणाली.

तिनं संजीवनीचा डावा हात डबीवरून हळूच बाजूला केला. आता बावीस घरांत ऐकू जाणार होतं.

“शैले, बायांनो, मी आज वाजवलंच नाही. एक ठोकासुद्धा नाही. आणि शैले, तुझ्याशी मी खोटं बोलले होते.”

जयमाला डबीकडं बघत नव्हती. खुर्चीतल्या बाईकडं, तिच्या विस्कटू लागलेल्या चेहऱ्याकडं बघत होती, आणि तिचा गार हात तिनं सोडला नव्हता.

“संजे, मी तुला झाकलं नव्हतं. चोख वाजवतीस म्हणाले ते खरंच वाटलं होतं मला. सात महिने माझ्या शेजारी तू नव्हतीस, आणि मला कळलं नाही. एकदाही कळलं नाही गं.”